हाक कुणाची? दोन परश्या, चार मुन्ना आणि एक नोंदवही

परश्या म्हटलं की आज पंचविशीत असलेल्या वाचकाला करमाळ्याकडचा, आर्चीसाठी धावत सुटलेला प्रशांत काळे आठवतो. पन्नाशीच्या वाचकाला मात्र पुण्यात लीलाबाई काळभोरांच्या घरात पातळ सावरत वावरणारा परशुराम आठवतो. पहिला २०१६च्या 'सैराट'मधला, दुसरा १९८८च्या 'अशी ही बनवाबनवी'तला. दोघांची गोष्ट वेगळी, काळ वेगळा, बोली वेगळी आणि कागदावरचं नावही वेगळं. तरी हाक एकच.

एकच टोपणनाव घेऊन पुस्तकांतून, पडद्यावरून, चित्रकथांमधून, खेळांमधून फिरणाऱ्या पात्रांच्या याद्या करायची हौस पुष्कळांना असते. यादी करणं सोपं, ती उपयोगी करणं अवघड. बहुतेक याद्या दोनच रकान्यांवर थांबतात, टोपणनाव आणि खरं नाव. मग 'मुन्ना'पुढे चार नावं लागतात, वाचणारा 'असं का' म्हणतो आणि पुढे जातो. त्या यादीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट राहून गेलेली असते: ही हाक मारतं कोण, आणि कोण मारत नाही. टोपणनाव ज्याला चिकटतं त्याच्यापेक्षा ते उच्चारणाऱ्याचं जास्त असतं. हा तिसरा रकाना भरायला घेतला की यादीला जीव येतो, हे या लेखात उदाहरणं घेऊन आणि कामाच्या तपशिलासकट सांगायचं आहे.

आधी या दोन परश्यांकडेच नीट बघू. परशुरामाचा परशा होणं सरळ आहे. लांब नावाची पहिली दोन-तीन अक्षरं ठेवायची, बाकीचं सोडायचं आणि शेवटाला 'आ' किंवा 'या' लावायचा. प्रशांतचं मात्र तसं नाही. 'प्रशांत' सरळ तोडलं तर 'प्रश्या' व्हायला हवं. पण बोलताना 'प्र' फुटतो, त्याचा 'पर' होतो, 'परशांत' होतो आणि मग तोडल्यावर 'परश्या' उरतो. म्हणजे बनवाबनवीतल्या परशाच्या मागे पुराणातलं नाव आहे आणि सैराटमधल्या परश्याच्या मागे जिभेची सवय. नोंदवहीत हा फरक लिहिला नाही, तर 'परश्या म्हणजे परशुराम' हे उत्तर डोळे झाकून सगळीकडे लावलं जातं.

आता हाक मारणारे बघा. सैराटमधला परश्या दोस्तांचा परश्या आहे. सलीमचा सल्या, लंगड्या आणि परश्या हे त्रिकूट एकाच साच्यातलं, तिघांच्या नावाला तोच 'या'. आर्चीच्या तोंडी तेच नाव आलं की ती त्या दोस्तांच्या वर्तुळात शिरलेली असते. बनवाबनवीतला परशा एकदा पार्वती झाला, की घरमालकिणीच्या देखत ती जुनी हाक धोक्याची होते. तोच माणूस दार लावलेलं असताना परशा आणि दार उघडलं की धनंजय मान्यांची बायको पार्वती. इथे एक चूक फार होते. यादी करणारे 'पार्वती'लाही टोपणनाव म्हणून टाकतात. पार्वती हे सोंग आहे. सोंग, टोपणनाव, उपाधी आणि फरारी माणसाने घेतलेलं खोटं नाव, या चार वेगळ्या जाती आहेत. साधी कसोटी अशी: ज्याला नाव दिलं त्याची लबाडी उघडी पडल्यावर ते नाव टिकतं का? टिकलं तर टोपणनाव, गळून पडलं तर सोंग.

मराठीत ही हाक तयार करायची यंत्रणाच आहे, ती माहीत असली की नोंदी करणं हलकं जातं. नाव तोडायचं आणि शेपूट जोडायचं. 'या' हे शेपूट बरोबरीच्या किंवा वरच्या माणसाच्या तोंडी येतं. त्यात लगट असते, वेळ पडली तर तुच्छताही. गणपतचा गण्या, शंकरचा शंकऱ्या, लक्ष्मीकांतचा लक्ष्या. 'ऊ' लावलं की लाड होतो, गणू, सदू, दत्तू. 'बा' लावलं की वय वाढतं. 'पंत' आणि 'राव' लावले की उपरणं खांद्यावर येतं, आणि 'शेठ' म्हटलं की गल्ला दिसायला लागतो. विशेषणालाही तेच 'या' लागतं. लंगडा असतो त्याचा लंगड्या होतो, आणि व्यंगावरून पडलेलं नाव दोस्तांच्या तोंडी मायेचं होऊन बसतं. एकाच माणसाला पाच घरांत पाच शेपटं लागलेली असू शकतात, म्हणून 'टोपणनाव' या रकान्यात एकच रूप लिहून भागत नाही. ऐकू आलेली सगळी रूपं लिहायची.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे या बाबतीत आदर्श उदाहरण आहे. कागदावर बनेश फेणे, राहणारा फुरसुंगीचा, शिकणारा पुण्याच्या विद्याभवनात. जवळच्यांचा बन्या. 'फास्टर' हे त्याच्या वेगाने मिळवलेलं नाव, आणि वाचकांनी त्याचंही पुन्हा टोपणनाव केलं, फाफे. इथे थर स्पष्ट दिसतात. बन्या म्हणणारे वेगळे, फास्टर म्हणणारे वेगळे आणि फाफे म्हणणारे तर गोष्टीच्या बाहेरचे, म्हणजे वाचक. दूरदर्शनवर सुमीत राघवनने तो केला, २०१७मध्ये अमेय वाघने चित्रपटात केला, आणि त्या चित्रपटात दिलीप प्रभावळकर भा. रा. भागवतांच्याच भूमिकेत होते. लेखक स्वतः पात्र होऊन आत आला की हाक मारणाऱ्यांत आणखी एकाची भर पडते. म्हणून एका पात्राला नोंदीचं एक कार्ड पुरत नाही. एक पात्र, एक माध्यम, एक कार्ड हा हिशेब धरायचा.

कार्डावर काय असावं? पाच इंच बाय तीन इंचाचं साधं रेघांचं कार्ड घ्यावं. वरच्या डाव्या कोपऱ्यात टोपणनाव, ऐकलं किंवा छापलं असेल अगदी तसं. उजवीकडे माध्यम आणि साल. त्याखाली कागदावरचं नाव, आणि ते कृतीतच कुठे येतं ते ठिकाण: पुस्तक असेल तर पान आणि आवृत्ती, चित्रपट असेल तर मिनिट. मग दोन रकाने शेजारी-शेजारी, 'हाक मारणारे' आणि 'न मारणारे'. सगळ्यात खाली एक ओळ कारणाची, आणि कारण कृतीत सांगितलेलं आहे की आपण तर्काने लावलेलं आहे याची खूण. सांगितलेलं कारण शाईने, आपला तर्क पेन्सिलीने. ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळली नाही, तर शंभर कार्डांनंतर आपलाच तर्क आपल्याला पुरावा वाटायला लागतो. संगणकावर तक्ता करणाऱ्यांनी तर्कासाठी वेगळा स्तंभच ठेवावा. अक्षरांचा रंग बदलून भागत नाही, कारण तक्ता दुसरीकडे उतरवला की रंग उडतो.

'न मारणारे' हा रकाना लोक गाळतात, कारण जे घडतच नाही ते टिपायचं कसं, असं त्यांना वाटतं. टिपता येतं. चित्रपट दोनदा बघायचा. पहिल्यांदा कागद न घेता. दुसऱ्यांदा त्या पात्राशी समोरासमोर बोलणाऱ्या प्रत्येकाची पहिली तीन संबोधनं लिहायची. तीन पुरतात. पहिलं ओळखीचं असतं, दुसऱ्यात सवय दिसते, तिसरं बहुधा रागातलं किंवा रडतानाचं असतं, आणि तिथे हाक बदलली तर ती बदललेली हाकच महत्त्वाची. आई रागावली की पूर्ण नाव घेते, हे मराठी घरात कुणाला समजावून सांगायला नको.

हा रकाना किती बोलतो ते बघायचं तर मुन्ना घ्यावा. शब्दाचा अर्थ लहान मूल, बाळ. १९५४मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांचा याच नावाचा, एकही गाणं नसलेला चित्रपट आला होता. त्यातला मुन्ना खरंच लहान पोर. म्हणजे शब्द आणि वय जुळलेलं. त्यानंतरचे गाजलेले मुन्ना मात्र सगळे दाढीमिशांचे. 'तेजाब'मधला (१९८८) मुन्ना म्हणजे महेश देशमुख, तडीपार झालेला मराठी तरुण. 'रंगीला'मधला (१९९५) मुन्ना तिकिटं काळ्या बाजारात विकणारा टपोरी. 'मुन्नाभाई एमबीबीएस'मधला (२००३) मुरली प्रसाद शर्मा. आणि 'मिर्झापूर' या मालिकेतला (२०१८) फूलचंद त्रिपाठी, तिथला डॉन कालीन भैया याचा मुलगा.

दोन रकान्यांच्या यादीत हे चौघे एकाखाली एक बसतात आणि सारखेच दिसतात. हाकेच्या बाजूने पाहिलं की वेगळे होतात. मुरली प्रसादच्या 'मुन्ना'ला 'भाई' जोडलेलं आहे. लाडाचं नाव आणि दराऱ्याचं नाव एकाच शब्दात शिवलेलं. त्या शिवणीवरच सगळी गंमत चालते, कारण हा माणूस आईबापांसमोर एक आणि अड्ड्यावर दुसरा आहे. त्याचा जोडीदार सर्किट, कागदावर सर्केश्वर. आणि कथेतली नाजूक गाठ तर टोपणनावाचीच आहे. लहानपणीची चिंकी म्हणजेच डॉक्टर सुमन, हे मुन्नाला ठाऊक नाही. त्याच्याकडे फक्त घरातली हाक आहे, तिचं कागदावरचं नाव नाही. तिच्याकडे दोन्ही आहेत. ज्याला दोन्ही नावं माहीत त्याच्या हातात गोष्टीची दोरी. मिर्झापूरचा मुन्ना याच्या अगदी उलट टोकाला आहे. तो गादीचा वारस आहे, हातात पिस्तूल आहे, आणि तरी साऱ्या शहरासाठी तो 'मुन्ना'च, बाळच. ज्या माणसाला आपण मोठे झालोय हे बापाला पटवायचं आहे, त्याला दर हाकेला लहान म्हटलं जातंय. हा माझा तर्क, म्हणून त्या कार्डावर तो पेन्सिलीने. पण त्या मालिकेतली त्याची जवळजवळ प्रत्येक आदळआपट या पेन्सिलीच्या ओळीतून समजते.

मराठी वाक्यात हा मुन्ना आला की व्याकरणाचा एक बारकावा कामाला येतो. आपण 'मुन्नाला' म्हणतो, 'मुन्न्याला' नाही. विशेषनाम असल्यामुळे त्याचं सामान्यरूप होत नाही. कुणी 'मुन्न्या' म्हणाला तर तो शब्द मराठी शेपटाने पुन्हा घडवलेला, म्हणजे वेगळी नोंद. याहून मोठा बारकावा आदरार्थी अनेकवचनाचा. 'तात्या' या हाकेकडे बघा. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याचे पोहे'मध्ये सुदाम्याबरोबर बंडूनाना आणि पांडूतात्या आहेत. पांडूतात्यांबद्दल आपण 'तात्यांनी', 'तात्यांना' असंच बोलतो. १९९३च्या 'झपाटलेला'मध्ये तात्या विंचू आहे, आधी गुंड, मग बोलक्या बाहुल्याच्या लाकडी देहात शिरलेला. त्याला कुणी 'तात्यांनी' म्हणत नाही. 'तात्या विंचूने' मारलं, 'तात्या विंचूला' पकडलं. एका अनुस्वारात सगळा मान आला आणि तो काढला की गेला. वडीलधाऱ्याची, ओसरीवरच्या पानदानाची हाक घेऊन ती एका खुनी बाहुल्याला लावायची, ही त्या नावातली खरी कारागिरी. 'विंचू' भीती घालतो, पण अंगावर काटा 'तात्या'मुळे येतो, कारण तो शब्द घरातला आहे. त्या बाहुल्याचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा आणि बाहुलीकाम रामदास पाध्यांचं, हेही कार्डावर लिहावं. बोलक्या बाहुल्याच्या बाबतीत हाक ऐकणारा देह एकाचा आणि उत्तर देणारा गळा दुसऱ्याचा असतो.

म्हणून 'तात्या', 'नाना', 'अण्णा', 'अप्पा', 'भाऊ' या हाकांच्या कार्डांवर विभक्तीचं एक रूप नमुन्याला लिहून ठेवायचं. 'नानांनी' की 'नानाने'? एवढ्या एका शब्दाने पात्राचं गावातलं स्थान कळतं.

या नाना-तात्यांचा उगम समजून घ्यायला पुण्यात राहणाऱ्याला लांब जावं लागत नाही. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल, आणि सुनेने सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही ही दुसरी चाल. दोन्ही एकत्र आल्या की आईला स्वतःच्या मुलाला नावाने हाक मारता येत नाही. मग घरात दुसरी हाक लागते. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव, तो झाला नानासाहेब. फडणविसांच्या घरातला बाळाजी जनार्दन, त्याचेही आजोबा बाळाजी, तोही झाला नाना. दोघांची कागदावरची नावं एक आणि हाकही एक. १८५७चे नानासाहेब मात्र धोंडोपंत, आणि त्यांच्या बाजूने लढलेले तात्या टोपे म्हणजे रामचंद्र पांडुरंग. ही इतिहासातली माणसं. पण नाटकात आली की ती पात्रं होतात. १९७२मध्ये पुण्यात रंगमंचावर आलेल्या 'घाशीराम कोतवाल'मधला नाना हे नाटकातलं पात्र आहे, त्याचं कार्ड इतिहासातल्या नानांच्या कार्डाला जोडायचं, त्यावर चिकटवायचं नाही. ही गफलत झाली की नाटकातली वाक्यं इतिहासाच्या माथी मारली जातात, आणि मग वाद होतात ते वेगळेच.

लक्ष्याची भानगड आणखी वेगळी. 'धूमधडाका' (१९८५), 'थरथराट' (१९८९), 'धडाकेबाज' (१९९०), 'झपाटलेला' (१९९३), प्रत्येकात लक्ष्या आहे आणि प्रत्येकात लक्ष्मीकांत बेर्डेच आहे. पात्रं चार, नट एक, आणि नटाचं स्वतःचं टोपणनावही तेच. इथे यादी करणारा हमखास एक कार्ड करून मोकळा होतो. चार करावीत. कारण या लक्ष्याला हाक मारणाऱ्यांत पडद्यावरच्या मित्रांबरोबर सगळं थेटर असतं. पिटातून 'लक्ष्या' अशी आरोळी जाते, ती पात्राला की नटाला, हे वेगळं करता येत नाही, आणि ते वेगळं करता येत नाही हेच कार्डावर लिहायचं. 'चिंटू'चंही थोडं असंच. १९९१पासून पुण्याच्या 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी उभा केलेला चिंटू हा पोरगा, २०१२मध्ये चित्रपटातही आला. २००९च्या 'चिंटूजी'मध्ये ऋषी कपूर स्वतःच्याच घरच्या नावाने पडद्यावर आले, तो चिंटू साठीच्या घरातला. मिनी, पप्पू, राजू, बगळ्या या पोरट्या चिंटूच्या टोळीतल्या हाकेत आणि 'जी' लावलेल्या हाकेत किती अंतर आहे!

विनोदातले गण्या, बंड्या, झंप्या यांना कार्ड द्यायचं नाही. त्यांना ना आडनाव, ना घर, ना कालचा दिवस. ते साचे आहेत.

बंगाली लोकांनी या सगळ्याला रीतसर नावं दिली आहेत. घरात मारायची हाक ती डाकनाम, शाळेच्या दाखल्यावरचं ते भालोनाम. बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या 'पथेर पांचाली'तला अपू घरचा अपू, दाखल्यावरचा अपूर्वकुमार राय. १९५५मध्ये सत्यजित राय यांनी तो पडद्यावर आणला. पुढे अमेरिकेत 'द सिम्प्सन्स' या कार्टून मालिकेतल्या दुकानदाराचं नाव अपू ठेवलं गेलं, ते या अपूवरूनच. निश्चिंदिपूर या अपूच्या गावात त्याची बहीण दुर्गा 'अपू' म्हणते तेव्हा ते डाकनाम आहे. त्या दुकानात गिऱ्हाईक 'अपू' म्हणतो तेव्हा ते कागदावरचं नाव झालेलं आहे. शब्द तोच राहिला, पण बहीण गेली आणि गिऱ्हाईक आलं. मला या सबंध विषयातली ही सगळ्यात चटका लावणारी जोडी वाटते.

बाहेरच्या भाषांतली काही उदाहरणं कारणाच्या रकान्यासाठी फार शिकवणारी आहेत. 'बोन्स' म्हणजे हाडं. १९६६च्या 'स्टार ट्रेक' या अंतराळमालिकेत कप्तान कर्क आपल्या जहाजावरच्या डॉक्टर मकॉयला बोन्स म्हणतो. शल्यविशारदाला इंग्रजीत 'हाडं कापणारा' अशा अर्थाचा एक जुना बोलीतला शब्द होता, त्याचं हे तोडलेलं रूप, म्हणजे आपल्या परशुरामासारखंच. २००९च्या चित्रपटात मात्र तोच मकॉय सांगतो की घटस्फोटात बायको सगळं घेऊन गेली, उरली ती हाडंच. पात्र तेच, हाक तीच, कारण बदललं. जुना बोलीतला शब्द नव्या प्रेक्षकाला कळणार नाही म्हणून नवं कारण घडवावं लागलं असावं, ही पेन्सिल. २००५ ते २०१७ चाललेल्या 'बोन्स' या मालिकेत ही हाक टेम्परन्स ब्रेननला आहे. ती हाडांवरून गुन्ह्यांचा तपास करते. तिला ते नाव सुरुवातीला खपत नाही, पण तिचा तपासातला जोडीदार बूथ सोडत नाही. दोन्ही बोन्सना ही हाक प्रामुख्याने एकाच माणसाने मारलेली आहे. म्हणजे हाडांपेक्षा मैत्रीच जास्त सारखी.

'रेड'चं कार्ड करताना मूळ पुस्तक बघितलंच पाहिजे. स्टीफन किंग यांच्या १९८२च्या दीर्घकथेत शॉशँक तुरुंगातला रेड हा तांबड्या केसांचा आयरिश माणूस आहे, कारण उघड दिसतं. १९९४च्या चित्रपटात ती भूमिका मॉर्गन फ्रीमनने केली. नाव विचारल्यावर तो म्हणतो, मी आयरिश आहे म्हणून असेल कदाचित. पुस्तक वाचलेल्याला ते पुस्तकाकडे केलेलं बोट वाटतं, न वाचलेल्याला नुसती थट्टा. चित्रपटात एलिस बॉइड रेडिंग हे पूर्ण नाव आहे, त्यामुळे 'रेडिंग'चं तोडून 'रेड' हेही कारण हाताशी असतं. एकाच हाकेला तीन कारणं, तिन्ही खरी, आपापल्या माध्यमापुरती.

'जोकर'ला तर पेटीत स्वतंत्र कप्पा हवा. बॅटमनचा जोकर १९४०चा, त्याने ते नाव स्वतः मिरवलेलं. राज कपूरचा १९७०चा जोकर धंद्याने जोकर, हाकेने राजू. १९८७च्या 'फुल मेटल जॅकेट'मधल्या सैनिकाला ते नाव कवायत घेणाऱ्या सार्जंटने शिवीसारखं चिकटवलेलं. 'मास इफेक्ट' या खेळातला वैमानिक जेफ मोरो, तो शिकत असताना कधी हसायचा नाही म्हणून जोकर. आणि 'पर्सोना ५' या २०१६च्या जपानी खेळात नायकाचं कागदावरचं नाव खेळणाराच घालतो, त्याच्या टोळीने दिलेलं 'जोकर' तेवढं कायम असतं. या कार्डावर 'खरं नाव' हा रकाना रिकामाच ठेवावा लागतो, आणि हाकेचा भरलेला असतो.

आता शोधाशोधीतल्या अडचणी, कारण निम्मा वेळ त्यात जातो. मजकुरात 'गोट्या' शोधायला गेलं की ताम्हनकरांच्या गोट्याबरोबर काचेच्या सगळ्या गोट्याही येतात, कारण गोटीचं अनेकवचन तेच. 'बोक्या' शोधला की बोक्या सातबंडेबरोबर 'बोक्याने दूध सांडलं'सुद्धा हाती लागतं. 'लंगड्या'चं तसंच, ते लंगडाचं सामान्यरूपही आहे. उपाय एकच: शोधताना नुसतं नाव न टाकता पुढे स्वल्पविराम किंवा उद्गारचिन्ह टाकून बघायचं. संबोधनात नावापुढे विरामचिन्ह असतं, गोट्यांपुढे क्वचित. दुसरी अडचण 'शंकऱ्या', 'मकऱ्या' असल्या नावांची. यातला अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला दोन वेगळे शब्द वाटतात. दोन्ही तऱ्हांनी शोधल्याशिवाय 'सापडलं नाही' असं लिहायचं नाही. तिसरी अडचण रोमन अक्षरांतल्या उपशीर्षकांची. तिथे परशा आणि परश्या एक होऊन बसतात, आर्चीचं आद्याक्षर कधी आखूड, कधी लांब. उपशीर्षकावरून कार्ड भरायचं नाही, कानांवरून भरायचं. कार्डं लावताना परशा आधी, परश्या नंतर, काना जोडाक्षराच्या आधी येतो. अनुस्वाराचं मात्र आधी ठरवून घ्यावं. यंत्र 'बंड्या'ला 'बकुळ'च्याही आधी बसवतं.

पुण्यात हे काम करायला सोयी बऱ्या आहेत. जुन्या पुस्तकांच्या आवृत्त्या पडताळायला १८४८पासूनचं पुणे नगर वाचन मंदिर आहे, नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहे. चित्रपटांसाठी १९६४मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय चित्रपट संग्रह लॉ कॉलेज रस्त्यावर. आणि कोरी कार्डं घ्यायला जायचं तो चौक सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावाचा. पेठेतली जुनी माणसं त्याला अप्पा बळवंतच म्हणतात, क्लासची पोरं एबीसी म्हणतात. टोपणनावाचं टोपणनाव, फास्टर फेणेच्या फाफेसारखं.

शेवटचं कार्ड आर्चीचं. सैराटची आर्ची अर्चना पाटील, बुलेट चालवणारी. अमेरिकन चित्रकथांमधला आर्ची म्हणजे आर्चिबाल्ड अँड्र्यूज, डिसेंबर १९४१च्या अंकातून आलेला. एक नाव मुलीचं, एक मुलाचं, संस्कृत आणि इंग्रजी मुळांची गाठ केवळ कानाला पडलेली. पण त्या आर्चिबाल्डच्या पहिल्या गोष्टीत एक बारीक तपशील आहे. त्याला आर्ची म्हटलेलं आवडत नाही. आपल्याला 'चिक' म्हणावं असा त्याचा हट्ट आहे. पुढे चिक मागे पडला आणि आर्ची राहिला. त्या 'चिक'चंही कार्ड करून ठेवायचं. वर साल, खाली कागदावरचं नाव, कारणाच्या ओळीत त्याची स्वतःची इच्छा, शाईने. आणि 'हाक मारणारे' या रकान्यात एकच नाव, त्याचंच.